मंजूर २४ लाख, खात्यात १ हजार

भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला वसलेल्या वस्तीत एक संस्था अभ्यासिका चालवते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं राहतात तिथं दहावीच्या पोरांनी वही उघडायची कुठं, या प्रश्नातून ती सुरू झाली. संध्याकाळी साडेसहा ते दहा, चार मार्गदर्शक, एक समन्वयक. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी, १२ए आणि ८०जीची, म्हणजे संस्थेच्या आणि देणगीदारांच्या प्राप्तिकर सवलतीची, कागदपत्रं जागच्या जागी. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना काका म्हणतात. सचिव ताई दिवसा नोकरी करतात आणि रात्री संस्थेचे मेल.

२०२३ च्या उन्हाळ्यात फोर्टातल्या एका प्रतिष्ठानाकडून त्यांना मंजुरीचं पत्र आलं. २४ लाख रुपये, मुदत १ जुलै २०२३ ते ३० जून २०२५. संस्थेच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी रक्कम. पेढे वाटले गेले, वाटायलाच हवे होते. नऊ महिन्यांनी प्रकल्पाच्या खात्यात, व्याज सोडलं तर, १ हजार रुपये होते, पुढचा हप्ता अडला होता आणि मार्चचं मानधन द्यायचं कशातून हे कुणाला सुचत नव्हतं. पैसे कुणी खाल्ले नव्हते. प्रत्येक रुपया अभ्यासिकेवरच गेला होता. मी छोट्या संस्थांचे हिशेब बघतो म्हणून ताईंनी फाईल घेऊन बोलावलं, आणि दोन रविवार त्या फाईलीत गेले.

पत्र सहा पानांचं होतं. मला सर्वांत आधी जाणवलं ते हे की कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी पहिलंच पान वाचलं होतं. त्यावर रक्कम होती. बाकी पाच पानांवर ती रक्कम कधी, कशावर आणि कुणाच्या जोखमीवर मिळणार ते होतं.

हप्ते

२४ लाख म्हणजे मंजूर रक्कम. ती चार हप्त्यांत येणार होती: करारावर सही झाल्यावर ८ लाख, मग ८, मग ६, आणि शेवटचे २ लाख अंतिम अहवाल स्वीकारल्यानंतर. फंडरकडची, म्हणजे निधी देणाऱ्यांकडची, मंडळी याला ट्रांच म्हणतात. दुसऱ्या हप्त्याची अट अशी की पहिल्या हप्त्याच्या किमान ७५ टक्के खर्च झाल्याचा यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, मिळाल्यावर पैसे सोडले जातील.

ताईंच्या एक्सेलमध्ये मात्र ‘पहिला हप्ता = पहिले आठ महिने’ असं मांडलेलं. का, तर ८ लाख आणि महिन्याला सरासरी १ लाख. पत्रात आठ महिन्यांचा उल्लेखच नाही. खर्च ६ लाखांवर पोचला की यूसी पाठवता येत होता, आणि तो आकडा फेब्रुवारीतच गाठला गेला होता. पण संस्थेनं २९ फेब्रुवारीपर्यंतचा हिशेब काढून मार्चमध्ये यूसी पाठवला. फंडरकडे यूसी तपासायला, शंका विचारायला, मंजुरीला महिना-दीड महिना सहज जातो. तेवढी गंगाजळी हाताशी नसेल तर खातं रिकामं होईपर्यंत थांबणं परवडत नाही. ही अट जाचक नव्हती, उलट ७५ टक्क्यांचा आकडा संस्थेच्या सोयीसाठीच ठेवलेला असतो: उरलेले २५ टक्के वाट बघण्याच्या काळासाठी.

हेड

अर्जासोबतचं बजेट असं होतं. चार मार्गदर्शकांचं मानधन, दरमहा १२ हजारांप्रमाणे, ११,५२,००० रुपये. समन्वयक ४,३२,०००. जागेचं भाडं महिन्याला १५ हजार, म्हणजे ३,६०,०००. पुस्तकं आणि साहित्य २,४०,०००. प्रशिक्षण १,२०,०००. मूल्यमापन आणि अहवाल ९६,०००. आणि सगळ्यात खाली: प्रशासकीय खर्च, शून्य.

पैसे हेडनिहाय, म्हणजे खर्चाच्या एकेका शीर्षाला, बांधलेले होते. इअरमार्क्ड किंवा रिस्ट्रिक्टेड ग्रँट म्हणतात ती हीच. एका हेडचे पैसे दुसऱ्यात वळवायचे तर १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल, त्यापुढे आधी लेखी परवानगी हवी, असं चौथ्या पानावर स्पष्ट होतं. वेगळं बँक खातं ठेवायचं, त्यावरचं व्याजही प्रकल्पावरच खर्चायचं, हेही होतं, आणि ते संस्थेनं नीट पाळलं होतं.

आता घडलं काय. जुलैतच जागामालकांनी सांगितलं की भाडं पंधराच राहू दे, पण लिव्ह अँड लायसन्स नव्यानं करू आणि डिपॉझिट ७५ हजार लागेल. मुंबईत यात नवल नाही. पण बजेटच्या कुठल्याच हेडमध्ये डिपॉझिट नव्हतं. काकांनी चेक लिहिला, कारण जागा गेली तर अभ्यासिकाच गेली. दुसरीकडे, फंडरला तिमाही हिशेब द्यायचा तर रोजचे व्हाउचर लिहिणारं कुणीतरी हवं, म्हणून महिना ८ हजारांवर एक अर्धवेळ लेखनिक मुलगी ठेवली. तिचाही हेड नव्हता. योगायोगानं एका मार्गदर्शकाची जागा चार महिने रिकामी राहिली आणि ४८ हजार वाचले, त्यामुळे खात्यात पैसे आहेत असंच सगळ्यांना वाटत राहिलं.

फेब्रुवारीअखेरचा खरा खर्च असा निघाला: मार्गदर्शक ३,३६,०००, समन्वयक १,४४,०००, भाडं १,२०,०००, पुस्तकं ६०,०००. बेरीज ६,६०,०००. त्यावर डिपॉझिट ७५,००० आणि लेखनिकाचे ६४,०००. एकूण ७,९९,०००.

यूसी भरताना या शेवटच्या दोन रकमा कुठं टाकायच्या हा प्रश्न आला. डिपॉझिट भाड्यात टाकलं, लेखनिक मानधनात. काकांचा युक्तिवाद मला आजही आठवतो: ‘अहो, डिपॉझिट जागेचंच आहे ना? आणि ती मुलगी माणूसच आहे ना?’ बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाकडून हे ऐकून मला हसू आलं, पण छोट्या संस्थांमधून हेच वाक्य थोड्याफार फरकानं ऐकायला मिळतं.

फंडरच्या कार्यक्रम अधिकारी मॅडमचा मेल दोन ओळींचा होता. भाडे या शीर्षाखाली १,२०,००० ऐवजी १,९५,००० दिसतात, व्हाउचर पाठवावेत. मानधनाबद्दल काहीच नाही, कारण तिथं ३,८४,००० च्या जागी ४,००,००० होते, म्हणजे फरक १० टक्क्यांच्या आत. पण व्हाउचर मागवले की सगळेच येतात. रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली, निळ्या शाईत ‘परत करण्याच्या बोलीवर’ असं लिहिलेली जागामालकांची पावती स्कॅन होऊन गेली आणि तिच्यामागोमाग लेखनिकाच्या आठ पावत्याही.

आता इथं जरा थांबून आकडे बघा. ८ लाखांचे ७५ टक्के म्हणजे ६ लाख. संस्थेनं नुसते ६,६०,००० दाखवले असते तरी खर्च साडेब्याऐंशी टक्के होत होता. दुसरा हप्ता मिळायला एवढं पुरेसं होतं. दोन रकमा दुसऱ्या हेडांत दडवायची गरजच नव्हती. त्या दडवल्या गेल्या ते ‘खात्यातून गेलेला प्रत्येक रुपया यूसीत दिसलाच पाहिजे’ या समजुतीतून. यूसी म्हणजे बँक पासबुकाची नक्कल नव्हे. मंजूर कामावर, मंजूर हेडखाली, मंजूर मुदतीत किती खर्च झाला, एवढंच तो सांगतो. उरलेलं ‘अखर्चित शिल्लक’ म्हणून दाखवायचं असतं, आणि ती शिल्लक खात्यात असायला हवी.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. डिपॉझिट हा खर्चच नाही. परत मिळणारी रक्कम ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसते. ती यूसीत खर्च म्हणून घालणं म्हणजे उद्या जागामालकांनी पैसे परत केले की ते कुणाचे, असा नवा वाद. फंडरनं ७५ हजार अमान्य केले ते बरोबरच केलं. लेखनिकाचे ६४ हजार हा मात्र खराखुरा खर्च होता, आणि माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथं आहे.

शून्य

प्रशासकीय खर्चापुढं शून्य फंडरनं लिहिलं नव्हतं, संस्थेनं लिहिलं होतं. अर्जात वर एक वाक्यही होतं: ‘आमच्या संस्थेत प्रशासनावर एक रुपयाही खर्च होत नाही.’ अभिमानानं लिहिलेलं वाक्य, आणि ताईंच्या रात्रीच्या जागरणांकडे बघितलं तर तो अभिमान समजतोही. पण ते खरं नव्हतं. ऑडिटची फी, वीजबिल, फोन, झेरॉक्स, हिशेब लिहिणारं माणूस, हे सगळं होतंच. ते दिवाळीच्या फराळाच्या स्टॉलमधून आणि सभासदांच्या वर्गणीतून भागवलं जायचं. फराळाच्या नफ्यातून दरमहा ८ हजारांचं माणूस चोवीस महिने ठेवता येत नाही. त्याचे १,९२,००० होतात, म्हणजे ग्रँटच्या बरोबर ८ टक्के. ते बजेटात मागितले असते तर बहुधा कुणी भुवई उंचावली नसती.

ओव्हरहेड, म्हणजे प्रशासकीय खर्च, या शब्दाची संस्थांना इतकी धास्ती का, तर वेगवेगळ्या दारांवर वेगवेगळे आकडे ऐकलेले असतात आणि त्यांचा गोंधळ होतो. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना एफसीआरए कायद्यानं प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे; २०२० च्या दुरुस्तीआधी ती ५० टक्के होती. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, नियमांत ५ टक्के आहेत, पण ते कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारासाठी, कंपनीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या प्रमाणात. संस्थेनं स्वतःवर ५ टक्क्यांहून जास्त खर्च करू नये असा त्याचा अर्थ नाही, तरी अनेक कंपन्यांचे अधिकारी तो तसाच सांगतात. आणि देशी खासगी प्रतिष्ठानाच्या बाबतीत आकडा एकच: करारपत्रात लिहिलेला. या पत्रात ‘१० टक्क्यांपर्यंत, अर्जात मागितल्यास’ असं होतं. मागितलं नाही, म्हणून मिळालं नाही.

फंडरच्या बाजूनंही एक बोट ठेवायला हवं. त्यांच्या बजेटच्या छापील तक्त्यात शून्य भरलेलं बघून कुणीतरी एक फोन करायला हवा होता. पाच माणसांचा प्रकल्प हिशेबनीसाशिवाय चालत नाही हे पंधरा वर्षं ग्रँट देणाऱ्याला कळत नसेल असं नाही. शून्य दोघांनाही सोयीचं वाटतं, आणि मग व्हाउचर रंगवले जातात.

काकांचे तीन उपाय

रविवारच्या बैठकीत काकांनी एकामागोमाग तीन तोडगे मांडले.

पहिला, एफडी मोडू. संस्थेची ५ लाखांची एफडी आहे. पण ती कॉर्पस, म्हणजे मूळ निधी. एका कुटुंबानं वडिलांच्या स्मरणार्थ, मुद्दल कायम ठेवून व्याज वापरावं अशा लेखी सूचनेसह दिलेला. दात्याच्या त्या पत्राची झेरॉक्स फाईलीतच होती. शिवाय प्राप्तिकराच्या हिशेबात मूळ निधीतून केलेला खर्च ट्रस्टच्या उद्दिष्टांवर झालेला खर्च म्हणून धरत नाहीत. रक्कम परत भरल्यावर धरतात, आणि २०२३ पासून परत भरायलाही पाच वर्षांची मर्यादा आली. कॉर्पस हा शब्द दोन्हीकडे असतो म्हणून घोटाळा होतो. फंडरचाही कॉर्पस असतो. मुंबईत सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. मूळ मालमत्ता राखून तिच्या उत्पन्नातून देत राहायचं, ही त्यांची रीत. (आपल्या प्रकरणातलं प्रतिष्ठान यांपैकी नव्हे.) भांडुपच्या संस्थेचे ५ लाख त्याच जातीचे. अडीनडीला काढायची ती रक्कम नव्हे.

दुसरा, एका कंपनीचे ३ लाख येऊ घातलेत, त्यातून भरू. मार्च चालू होता आणि मार्चमध्ये असे फोन येतातच. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे असतात. चालू प्रकल्प नसेल तर न खर्चलेली रक्कम सहा महिन्यांत परिशिष्ट ७ मधल्या एखाद्या निधीला द्यावी लागते, म्हणून वर्षअखेर धावपळ. पण तेही बांधलेलेच पैसे. एका फंडरच्या खात्यातलं भगदाड दुसऱ्या फंडरच्या पैशानं बुजवलं की दोन्ही यूसी खोटे होतात. आणि संस्थेनं सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणीच केलेली नव्हती, जी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. हा मुद्दा तिथंच मिटला.

तिसरा तोडगा काकांच्या मनातला होता: ‘मी देतो हातउसने. जून-जुलैत परत करा.’ माणूस मनाचा मोठा. पण विश्वस्त संस्थेला कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, बिनव्याजी असलं तरी. वरळीच्या धर्मादाय आयुक्त भवनात अर्ज करून मार्चचं मानधन एप्रिलमध्ये निघालं नसतं. काका देणगी देऊ शकले असते, पण उसने नाही.

उरला साधारण निधी. वर्गणी, फराळ, किरकोळ देणग्या. ज्यावर कुणाची अट नाही असे पैसे, ज्याला अनरिस्ट्रिक्टेड म्हणतात. त्यात १,१२,००० होते. संस्थेच्या जवळ असलेला हाच एक मोकळा पैसा, आणि गंमत म्हणजे त्याची नोंद सगळ्यात ढिली. किती शिल्लक आहे हे काढायला लेखनिक मुलीला अख्खा दिवस लागला.

पत्र

फंडरला पाठवायचं पत्र ताईंनी तिनदा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात ‘तांत्रिक चूक’ असा शब्द होता, तो मी काढायला लावला. चूक तांत्रिक नव्हती, आणि मॅडमच्या हातात पावत्या होत्याच. शेवटी पत्र एका पानाचं झालं. डिपॉझिट खर्चात धरणं गैर होतं, ते ७५ हजार संस्था साधारण निधीतून प्रकल्प खात्यात भरत आहे. लेखनिकाचा खर्च मंजूर नव्हता. मार्गदर्शकाच्या रिकाम्या जागेमुळे वाचलेले ४८ हजार त्याकडे वळवायला मागील तारखेपासून परवानगी मिळावी, उरलेले १६ हजार संस्था भरेल. पुढच्या सोळा महिन्यांसाठी ‘लेखा व प्रशासन’ असा नवा हेड उघडावा, त्यात १,२८,०००. त्यांपैकी ६० हजार प्रशिक्षणातून आणि ६८ हजार पुस्तकांतून. एकूण रक्कम २४ लाखच.

मॅडमनी हे मान्य केलं, पण मागील तारखेची परवानगी ‘एकदाच’ असं लिहून. सुधारित यूसी सीएच्या सहीनं आणि यूडीआयएन, म्हणजे सीएनं दिलेल्या प्रमाणपत्राची ओळख पटवणाऱ्या, क्रमांकासह मागितला. तो ७,०८,००० चा गेला, शिल्लक ९२,०००. संस्थेनं भरलेले ९१ हजार आणि खात्यातला १ हजार, जुळलं. त्यातून मार्चचं मानधन आणि भाडं, ८१ हजार, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निघालं. एप्रिल आणि मेचं मानधन मात्र लटकलं. दुसरा हप्ता जूनमध्ये, शाळा उघडायच्या सुमारास आला. दोन महिने बिनपगारी शिकवणाऱ्या मार्गदर्शकांत एक मुलगी त्याच वस्तीतली, याच अभ्यासिकेत दहावी झालेली होती. तिच्या घरी गॅस सिलिंडर उधारीवर आला. फंडरच्या फाईलीत याची नोंद कुठंच नाही, आणि संस्थेच्या इतिवृत्तातही नाही.

दरम्यान एक किरकोळ प्रकरण उपटलं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्यानं हे ऐकून पैसे पाठवायची तयारी दाखवली. त्याचा पासपोर्ट भारतीय आहे का, हे आधी विचारा, असं मी सांगितलं. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी ठरत नाही; नागरिकत्व बदललं असेल तर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ठरते, आणि संस्थेला एफसीआरए नोंदणी नव्हती. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं निघालं. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत पैसे वळवावेत असं कुणीतरी सुचवलं. २०२० च्या दुरुस्तीनं तेही दार बंद आहे.

शेवटच्या २ लाखांचा विषय ताईंनी २०२४ च्या दिवाळीनंतर काढला. अंतिम अहवाल स्वीकारल्यावर मिळणारी रक्कम म्हणजे संस्थेनं आधी स्वतःच्या खिशातून खर्च करायचा आणि मग भरपाई घ्यायची. मुदत ३० जूनला संपणार, अहवाल ऑगस्टमध्ये जाणार, पैसे कदाचित सप्टेंबरमध्ये. साधारण निधीत तेव्हा जेमतेम ४० हजार होते. या वेळी त्यांनी वाट बघितली नाही. तिसऱ्या हप्त्याच्या यूसीसोबतच विनंती गेली: शेवटचा हप्ता फोडून दीड लाख एप्रिलमध्ये द्यावेत, ५० हजार अहवालानंतर. सोबत महिनावार रोकड तक्ता जोडला, कुठल्या महिन्यात खातं किती खाली जाईल ते दाखवणारा. प्रतिष्ठानानं मान्य केलं. शिवाय मॅडमनी विचारलं, की रिकाम्या जागेमुळे मागं पडलेल्या गणिताच्या वर्गांसाठी मुदत वाढवून हवी का, रक्कम न वाढवता. नो कॉस्ट एक्स्टेन्शन. काकांना ती भेटच वाटली. ताईंनी नको म्हणून कळवलं: दोन महिने मुदत वाढली की दोन महिन्यांचं भाडं आणि समन्वयकाचं मानधन, ६६ हजार, त्याच रकमेतून काढावं लागतं, आणि त्या हेडांत ते उरलेले नव्हते.